दोनदा जळला, तिसऱ्यांदा नाही

अँप्लिफायर टेबलावर ठेवता ठेवताच पोराने निदान सांगून टाकलं. "काका, ह्यातला एक रेझिस्टन्स जळतो. तेवढा बदलून द्या." गिऱ्हाईक निदान घेऊनच आलं की मी 'बरं' म्हणतो आणि स्क्रू ड्रायव्हर उचलतो. वाद घालण्यात वेळ जातो, आणि कधी कधी त्याचं बरोबरही निघतं. ह्याचंही निम्मं बरोबर होतं, म्हणून तर पुढचे दोन दिवस गेले.

पोरगा कळव्याचा, नोकरी महापेला, रोजचा रस्ता ठाणे-बेलापूर. गाडी सात सीटर, जुनी घेतलेली. डिकीत बारा इंची वूफर आणि चार चॅनेलचा अँप्लिफायर. पुढचे दोन चॅनेल दारातल्या स्पीकरना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे दोघांचा जोर एकत्र जोडून, वूफरला. तक्रार त्याने स्टेशनांच्या हिशोबात सांगितली. दिघा ओलांडेपर्यंत सगळं झकास, ऐरोलीला तापल्याचा वास, रबाळ्याला लाल लाइट लागून आवाज बंद. दिवसभर गाडी उभी राहिली की संध्याकाळी परत चालू, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तेच.

मागची हकीकत अशी. दिवाळीत पहिल्यांदा आतला एक छोटा रेझिस्टन्स जळून काळा पडला. एका कारागिराने तसाच नवा टाकला. पंधरा दिवसांत तोही गेला. मग त्याने तिथे पाच वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स बसवला, "आता बघू कसा जळतो" म्हणून. तो खरंच जळला नाही. अँप्लिफायर मात्र तेव्हापासून आणखी तापायला लागला.

जाता जाता पोरगा एक वाक्य बोलून गेला. "एकदा फोनवर बोलत होतो, गाणी बंदच होती, तरी लाल लाइट लागला." ह्या वाक्यासाठी मी त्याला दुसरा चहा पाजला. गाणी मोठ्याने वाजवून तापणारा अँप्लिफायर आणि नुसता चालू ठेवून तापणारा अँप्लिफायर ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात बहुतेक वेळा दोष बाहेर असतो, म्हणजे स्पीकर, वायरिंग किंवा जागा. दुसऱ्यात तो पेटीच्या आत असतो. इथे दोन्ही होते, पण ते नंतर कळलं.

पेटीच्या आत

ज्यांनी गाडीचा अँप्लिफायर उघडून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटरीच्या बारा व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला साध्या जोडणीत चार-साडेचार वॅटच्या वर काही मिळत नाही. म्हणून पेटीच्या अर्ध्या भागात एक पॉवर सप्लाय असतो. टीएल४९४ सारखी आयसी मॉस्फेटना, म्हणजे स्विचसारखं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरना, आळीपाळीने चालू-बंद करते, गोल फेराइट ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, आणि पुढे अधिक-उणे अशा दोन रेल, म्हणजे चॅनेलना वीज पुरवणाऱ्या ओळी, मिळतात. ह्या पेटीत त्या अधिक २८ आणि उणे २८ व्होल्ट होत्या. उरलेल्या अर्ध्या भागात चार चॅनेल, प्रत्येकाला आउटपुट ट्रान्झिस्टरची एक जोडी, सगळ्या जोड्या अभ्रकाच्या पातळ पट्टीवरून हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या कवचाला, दाबलेल्या.

बाहेरून आलेला अँप्लिफायर मी थेट सप्लायला जोडत नाही. आधी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब मालिकेत लावतो. मॉस्फेट शॉर्ट असतील तर बल्ब भक्क पेटतो आणि मॉस्फेटचा धूर होत नाही. सगळं ठीक असेल तर क्षणभर लुकलुकून जवळपास विझतो. इथे बल्ब भक्क पेटला नाही, पण विझलाही नाही. मग बल्ब काढून १३.८ व्होल्टचा सप्लाय सरळ दिला, अँमीटर लावून. स्पीकर नाही, गाणं नाही, आणि पेटी ३.४ अँपिअर खात होती. म्हणजे ४७ वॅट, सगळे उष्णतेत. असल्या चार चॅनेलच्या पेटीने अशा वेळी एक-सव्वा अँपिअरच्या आसपास राहावं.

वीस मिनिटांत हीटसिंक ७८ अंशांवर गेलं आणि लाल लाइट लागला. कळवा ते रबाळे टेबलावर बसल्या बसल्या झालं.

माझा दीड तास

आता कोणता चॅनेल? प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.२२ ओहमचा रेझिस्टन्स असतो. त्याच्या दोन टोकांतले मिलिव्होल्ट मोजले की त्या जोडीतून किती करंट नुसता वाहतोय ते कळतं. तीन चॅनेलवर पाच-सहा मिलिव्होल्ट, म्हणजे पंचवीसेक मिलिअँपिअर. चौथ्यावर ९०, म्हणजे चारशे मिलिअँपिअरच्या वर. रेलमध्ये ५६ व्होल्टचं अंतर, तेव्हा त्या एका जोडीत २३ वॅट. त्यात पॉवर सप्लायचं स्वतःचं नुकसान मिळवा, जादा ३२ वॅटचा हिशोब जुळतो. चौथा चॅनेल म्हणजे वूफरच्या ब्रिजमधला एक, आणि पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्सही त्याच्याच आउटपुटला.

हिशोब इतका छान जुळला की मी तिथेच फसलो. बायस, म्हणजे गाणं नसतानाही जोडीतून वाहणारा ठरावीक करंट, वाढलाय, तो ठरवणारा फिरता रेझिस्टन्स, म्हणजे प्रीसेट, बिघडलाय, नाहीतर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकपासून सुटलाय, असं धरून बसलो. प्रीसेट फिरवला, ९० चे ६० झाले, त्याखाली जाईना. प्रीसेट बदलला. बायसचा ट्रान्झिस्टर बदलला, नवी पेस्ट लावून दाबून बसवला. तरी ६०. आउटपुटची जोडी काढून तपासली, ठणठणीत. परत लावली. दीड तास गेला.

मग मीटरची वायर सरकवताना आकडा ६० वरून ३५ वर आला. वायर सोडली, परत ६०. हात जवळ नेला, ४२. डीसीचं माप हाताला असं भीत नाही. हाताच्या नुसत्या जवळ येण्याने जे बदलतं ते उच्च वारंवारतेचं असतं, हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत आहे. ते आठवायला त्या दिवशी दीड तास लागला.

मग सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, टेबलावर काढला. २० मेगाहर्ट्झचा, इथल्याच वागळे इस्टेटमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारात मिळालेला, रोड नंबर १६ वरून हातगाडीवर आणलेला. जोडताना एक सांभाळायचं असतं. ब्रिज होणाऱ्या अँप्लिफायरमध्ये एक चॅनेल उलटा असतो, त्यामुळे स्पीकरचं 'उणे' टर्मिनल म्हणजे ग्राउंड असेलच असं नाही. प्रोबची काळी क्लिप डोळे मिटून तिथे लावली तर आउटपुट शॉर्ट. मी ती आरसीए सॉकेटच्या, म्हणजे गाण्याचा सिग्नल आत येतो त्या सॉकेटच्या, बाहेरच्या कड्याला लावतो.

पडद्यावर स्वच्छ, गुळगुळीत साइन लाट होती. कुठलंही गाणं नसताना १.२ मेगाहर्ट्झ, शिखर ते शिखर १४ व्होल्ट. पेटी आपलं आपण गात होती, फक्त माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही अशा पट्टीत.

ज्यांच्याकडे सीआरओ नाही त्यांनी हळहळू नये. घरात मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तर तो पेटीजवळ धरून काटा सावकाश फिरवा. मी मुद्दाम करून पाहिलं. १२०० किलोहर्ट्झच्या आसपास रेडिओची खरखर एकदम दबून शांत झाली, आणि अँप्लिफायर बंद करताच परत आली. ठाण्यात हल्ली मीडियम वेव्हवर इतकी घाण असते की गाणी ऐकणं कठीण, पण ह्या कामाला तो रेडिओ अजून उपयोगी आहे.

जळणाऱ्याचं काम काय होतं

आता तो रेझिस्टन्स. शेजारच्या चॅनेलवर तसाच जोडीदार शाबूत होता, तपकिरी, काळा, काळा, सोनेरी, म्हणजे १० ओहम, अर्धा वॅट. त्याच्या मालिकेत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, आणि ही जोडगोळी आउटपुटपासून ग्राउंडला. तिला झोबेल म्हणतात. स्पीकरची कॉइल उच्च वारंवारतेला हाताबाहेर जाते, तेव्हा अँप्लिफायरला टेकायला काहीतरी स्थिर मिळावं एवढंच तिचं काम.

गाण्यातल्या आवाजांना हा रस्ता जवळजवळ बंद असतो. १ किलोहर्ट्झला तो कंडेन्सर १६०० ओहमचा अडसर घालतो, २० किलोहर्ट्झलाही ८० ओहमचा. रेझिस्टन्सच्या वाट्याला काही येत नाही, म्हणून तर कंपनी तिथे अर्ध्या वॅटवर भागवते. पण १.२ मेगाहर्ट्झला कंडेन्सरचा अडसर उरतो जेमतेम १.३ ओहम. १४ व्होल्ट शिखर ते शिखर म्हणजे साधारण ५ व्होल्ट आरएमएस (वॅटच्या हिशोबाला धरायचं व्होल्टेज), ते जवळपास सगळे १० ओहमवर. अडीच वॅट. अर्ध्या वॅटचा जीव, त्यावर पाचपट ओझं, पेटी चालू असेपर्यंत सतत.

म्हणजे हा रेझिस्टन्स जळाला की कारण शोधायचं असतं आतल्या आंदोलनाचं, म्हणजे पेटी आपलं आपण गाते त्याचं. गाणं मोठं लावल्याने तो सहसा जळत नाही. पहिल्यांदा जळला तेव्हा तो ओरडून सांगत होता, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याच्या जागी पाच वॅटचा बसवला, त्याला अडीच वॅट म्हणजे काहीच नाही, तो गप्प बसला, आणि सगळा ताप आउटपुट ट्रान्झिस्टरांनी काढला. त्या कारागिराला मी नावं ठेवत नाही. 'जळतोय तर मोठा टाक' हे मीही सुरुवातीची काही वर्षं केलंय.

अँप्लिफायर असा बेलगाम का होतो? आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत दिलेला असतो, चूक दुरुस्त व्हावी म्हणून. पण ट्रान्झिस्टरांना उशीर लागतो, आणि वारंवारता जितकी वर तितका तो उशीर नडतो. एका ठिकाणी उलटा दिलेला संदेश इतका उशिरा पोचतो की तो सुलट होऊन बसतो. लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर गेला की जी कुईं होते, तेच. ती होऊ नये म्हणून मधल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये एक चिमुकला सिरॅमिक कंडेन्सर असतो, ह्या पेटीत ४७ पिकोफॅरडचा. जिथे उशीर नडणार, तिथपर्यंत पोचायच्या आधीच तो अँप्लिफायरचा जोर काढून घेतो.

तो शोधला तर दिसेना. रेलच्या मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी गोंदाचा गोळा होता, त्यात तो अर्धा बुडालेला.

गोंद

हा गोंद ज्याने ज्याने जुनी इलेक्ट्रॉनिक्स उघडली आहे त्याच्या ओळखीचा आहे. नवा असताना फिकट पिवळा. मोठे कंडेन्सर हादऱ्यांनी हलू नयेत म्हणून कारखान्यात ओततात. पण ह्यातल्या काही जाती सतत उष्णतेत राहिल्या की तपकिरी होतात, कडक होतात, आणि दोन वाईट गोष्टी करतात. थोडी वीज वाहू देतात आणि तांब्या-कथलाला खातात. मी मीटरच्या टोच्या त्या गोळ्यात खुपसल्या. पिवळ्या भागात काहीच नाही, तपकिरी भागात दोनेक मेगओहम.

आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून थोडा वेळ मुरू दिलं आणि बांबूच्या काडीने खरवडलं. धातूचं टोक वापरत नाही, ट्रॅक उचलला जातो. गोळा निघाला तसा तो ४७ पिकोफॅरडचा दाणाही निघाला, एका पायावर. दुसरा पाय हिरवा होऊन तुटला होता. बोर्डात उभा होता तो फक्त गोंदाच्या आधाराने, म्हणून वरून बघणाऱ्याला जागेवर दिसत होता. आधीच्या कारागिराला काय दिसणार? मला तरी कुठे दिसला.

बाकीच्या तीन चॅनेलचे दाणे बघितले, दोघांच्या पायांना हिरवट झाक. चारही बदलले, एनपीओ जातीचे, १०० व्होल्टचे, माझ्या खणातलेच. सगळा तपकिरी गोंद काढला. सिमेंटचा रेझिस्टन्स काढून परत अर्ध्या वॅटचा १० ओहम बसवला. ह्यावर पोराने विचारलं, "पाच वॅटचा चांगला नाही का, काका? असू दे ना." म्हटलं, नको, उद्या आत काही बिघडलं तर हा आधी जळू दे. शेजारचा ०.१ मायक्रोफॅरडही त्या उष्णतेत भाजला होता, तो फिल्मचा नवा लावला. मोठे कंडेन्सर परत धरून ठेवायला न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन इथे चालत नाही, त्यातलं आम्ल पुन्हा तांबं खातं.

मग माझीच खोडी निस्तरायची होती, फिरवून ठेवलेला प्रीसेट. चौथा चॅनेल पाच मिलिव्होल्टवर आणला. एकूण करंट १.१ अँपिअर. हात जवळ नेला, आकडा जागचा हलला नाही. दहा किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल दिला, कोपरे सरळ, मागे थरथर नाही. ब्रिजवर स्पीकरऐवजी चार ओहमचा डमी लोड लावून तासभर फोनवरून गाणी वाजवली. दुकानात ३१ अंश, हीटसिंक ५१.

इथे बिल फाडून मोकळं होता आलं असतं. पण गोंद इतका भाजला कशाने, हा प्रश्न राहिला होता. आंदोलन तर पाय तुटल्यावर सुरू झालं. पाय तुटला गोंदाने, आणि गोंद तपकिरी झाला आधीच्या कुठल्यातरी उष्णतेने. पोराला म्हटलं, रविवारी गाडी घेऊन ये.

डिकी

डिकी उघडली आणि बरंच आपोआप कळलं. अँप्लिफायर वूफरच्या खोक्यामागे, लाकडी फळीखाली, हीटसिंकच्या पंख्या गालिच्यात रुतलेल्या. हवा यायला जागाच नाही. बॅटरीपाशी फ्यूज नव्हता. अँप्लिफायरवरचा फ्यूज अँप्लिफायरला वाचवतो. बोनेटपासून डिकीपर्यंत येणारी जाड वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारा फ्यूज बॅटरीपासून हात-दीड हातात हवा. तो त्याच दिवशी बसवला. अर्थ रंगावरच आवळला होता. बेस पडताना अँप्लिफायरचं उणे आणि बॅटरीचं उणे ह्यांत ०.९ व्होल्ट मिळत होते. रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून आवळल्यावर ०.१५.

खरा मासा वूफरच्या टर्मिनलवर होता. चार-चार ओहमच्या दोन कॉइल, दोन्ही समांतर. मीटरवर १.८ ओहम, म्हणजे नावाला दोन. अँप्लिफायरवर, स्क्रूंच्या शेजारी, बारीक अक्षरात छापलंय की ब्रिजमध्ये किमान चार ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला लोडचा निम्माच भाग दिसतो, म्हणजे इथे त्या दोघांना एक-एक ओहम ओढायला लावलं होतं, दीड वर्ष, गालिच्याखाली.

"पण लावून देणारा म्हणाला, असं केलं की डबल बेस मिळतो," पोरगा म्हणाला. खोटं नाही. मिळतो. ह्या पेटीला तो झेपत नाही, एवढंच.

त्या दोन कॉइल मालिकेत लावल्या तर आठ ओहम, समांतर लावल्या तर दोन, चार काही होत नाही. दोन-दोन ओहमच्या कॉइलचा वूफर असता तर मालिकेत बरोबर चार झाले असते. हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं आणि तूर्त आठवर जोडून दिलं. दोनवरून आठवर म्हणजे वूफरला मिळणारी शक्ती पाव, आवाजात सहा डेसिबलची घट. ती कानाला स्पष्ट कळते आणि मी ती लपवली नाही. अँप्लिफायर फळीखालून काढून मागच्या सीटच्या पाठीला, पंख्या उभ्या राहतील असा लावला. गरम हवेला वर जायला वाट मिळाली.

गाडी चालू करून त्याने नेहमीचं गाणं लावलं. पहिल्या ठेक्यालाच माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

दुरुस्तीचे साडेआठशे घेतले, डिकीतल्या कामाचे वेगळे पाचशे. बायसच्या मागे घालवलेला दीड तास धरला नाही, तो माझा.

मे महिन्यात तो पुन्हा येऊन गेला, दुसऱ्याच कामाला. मी आपणहून डिकी उघडायला लावली. महापेहून भर उन्हात, पटणीच्या सिग्नलला अडकत अडकत आला होता. हीटसिंकवर ५७ अंश, लाल लाइट त्या दिवसापासून एकदाही लागलेला नाही. झाकणाच्या फटीतून टॉर्च मारली, अर्ध्या वॅटचा रेझिस्टन्स स्वच्छ, पट्टे वाचता येत होते. दोन-दोन ओहमवाला वूफर त्याने अजून घेतलेला नाही, "पुढच्या पगाराला बघू" म्हणतो. निघताना काच खाली करून म्हणाला, "बेस थोडा कमीच आहे हं, काका."